नोटोकॉर्ड सर

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही जुन्या कॉलेजात जा. केमिस्ट्रीचा वास संपून फॉर्मलिनचा वास सुरू झाला की प्राणिशास्त्र विभाग आला असं समजावं. तिथे, कपाटातल्या बाटल्यांबरोबर ज्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला व्हायला हवी होती, असे एक सर असतात. निवृत्त झाले तरी असतात. विषय सगळे प्राणी, पण जीव एकाच प्राण्यावर. कुणाचा गांडुळावर, कुणाचा रेशमाच्या किड्यावर. गांडूळवाले सर पुढे गांडूळखताच्या जोडधंद्याला लागतात आणि बरे पैसे करतात. आमच्या सिंधुदुर्गातल्या सरांचा जीव जडला तो ॲम्फिऑक्ससवर. त्याच्यापासून कसलाही जोडधंदा होत नाही.

ज्यांनी जीवशास्त्र बारावीला सोडलं त्यांच्यासाठी सांगतो. ॲम्फिऑक्सस म्हणजे उथळ समुद्रात वाळूत अंग पुरून, फक्त तोंड वर काढून बसणारा, पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा अर्धपारदर्शक जीव. दोन्ही टोकांना निमुळता. दिवसभर तोंडातून पाणी आत घ्यायचं, घशातल्या फटींतून गाळायचं, अडकलेले कण पोटात ढकलायचे, पाणी बाहेर सोडायचं. याहून जास्त महत्त्वाकांक्षा त्याला नाही. मासा म्हणावं तर हाड नाही, जबडा नाही, जोडीचे पर नाहीत. हृदय नाही, रक्तवाहिन्याच आळीपाळीने आकसतात आणि बिनरंगाचं रक्त फिरवतात. डोळे म्हणावेत असे डोळे नाहीत. मेंदूच्या जागी चेतारज्जूचं पुढचं टोक जरासं फुगलेलं, एवढंच.

नेमकी हीच यादी आम्ही सरांना तोंडी परीक्षेत म्हणून दाखवायचो. हे नाही, ते नाही. सर डोळे मिटून ऐकायचे आणि मग म्हणायचे, "अरे, पाहुण्याची ओळख करून देताना 'यांना घर नाही, नोकरी नाही, डोक्यावर केस नाहीत' असं सांगतोस का? आहे काय ते सांग की!"

आहे काय, ते सांगताना सर खडूच्या एका ओढीत फळ्यावर ॲम्फिऑक्सस काढायचे. पाठीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत लवचिक दांडा, तो नोटोकॉर्ड. त्याच्यावर पोकळ चेतारज्जू. घशाच्या भिंतीत कल्लाविदरे. घशाच्या तळाशी एंडोस्टाइल नावाची पन्हळ. आणि गुदद्वाराच्या मागे उरलेली शेपूट. "या पाच गोष्टी आयुष्यात कधी ना कधी ज्याच्यापाशी होत्या, तो समपृष्ठरज्जू. मग तो देवमासा असो, बेडूक असो, वटवाघूळ असो, नाहीतर..." इथे सर दाराकडे बघून आवाज खाली आणायचे, "प्राचार्य असोत."

त्यांचं 'नोटोकॉर्ड' हे नाव कुठल्या बॅचने ठेवलं याची नोंद नाही. सरांना ते ठाऊक आहे आणि त्यांना तो गौरव वाटतो. शर्टाची बटणं बहुधा एक काज चुकून लागलेली असतात. ॲम्फिऑक्ससच्याही डाव्या आणि उजव्या बाजूचे स्नायूंचे पट्टे एकमेकांसमोर येत नाहीत, अर्धं घर सरकलेले असतात. त्यामुळे शर्टाबद्दल सरांना कुणी काही बोललं नाही. तो अभ्यासक्रमाचाच भाग असावा असं आम्हाला वाटे.

सर कॉलेजबाहेर पडले की खरी मजा सुरू होते. बाजारात सुरमई बघताना गिऱ्हाईक डोळे बघतं, कल्ल्याचा लाल रंग बघतं. सर सुरमईची कापलेली तुकडी हातात घेऊन उजेडात धरतात. त्या तुकडीत जी एकात एक बसलेली वर्तुळं दिसतात, ते स्नायूंचे एकामागून एक रचलेले पट्टे. ॲम्फिऑक्ससमध्ये ते आडव्या 'व्ही'सारखे असतात, माशात त्यांना आणखी घड्या पडतात. मासा शिजला की मांस पापुद्र्यापापुद्र्याने सुटतं ते याच पट्ट्यांमधल्या सांध्यांवर. हे सगळं सर भर बाजारात, मागे रांग लागलेली असताना, समजावतात. एकदा मासेवाली शेवटी म्हणालीच, "मास्तरांनू, सुरमय घेवची हा की शिकवची हा?"

सर म्हणाले, "दोन्ही."

"मग पैसे दुप्पट."

मासे घरी पोचतात तेव्हा काकूंचं वाटप केव्हाच वाटून झालेलं असतं आणि काकूंचा आवाज चढलेला असतो. काकूंचा स्वतंत्र लेख होईल. घरात झुरळ उलटं पडलेलं दिसलं आणि त्यांनी केरसुणी उचलली, की सर मध्ये हात घालतात. "थांब, आत्ता कुठे तो आपल्या बाजूचा झालाय!"

यात थट्टा फक्त अर्धी आहे. झुरळाचा चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो आणि हृदय पाठीकडे असतं. आपलं बरोबर उलट. १८२२ मध्ये पॅरिसच्या जॉफ्रवा सेंत-इलेरने लॉब्स्टर उताणा ठेवून सांगितलं होतं की असा पाहिला तर याची मांडणी कण्याच्या प्राण्यांसारखीच दिसते. लोकांनी हसण्यावारी नेलं. पुढे १९९० च्या दशकात जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की गर्भात पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारी जनुकं माशीत आणि बेडकात एकाच घराण्यातली आहेत, फक्त त्यांच्या कामाच्या बाजू उलट्या आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांपैकी कुणीतरी कधीतरी कूस बदलली आणि तसाच राहिला. सर हे काकूंना सांगत असतात तोवर झुरळ सुलटं होऊन फ्रिजखाली गेलेलं असतं.

सरांची खरी दहशत आहे ती आजाऱ्यांना. कुणाला पाठदुखी झाली की सर भेटायला येतात. बँकेतले एक गृहस्थ चकती सरकून अंथरुणाला खिळले होते. कूस बदलायची तर दोघांनी धरावं लागे. सर आले, उशाशी बसले, मोसंबी दिली, एमआरआयची फिल्म मागून घेतली आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ बघत राहिले. घरचे घाबरले. सरांचे डोळे भरून आले होते. "वहिनी, हे बघा," असं म्हणून त्यांनी मणक्यांच्या मधल्या एका जागेवर बोट ठेवलं. "मणक्यांच्या चकतीत मध्यभागी जो मऊ गर असतो ना, तो नोटोकॉर्डपासून तयार होतो. गर्भात आपल्या सगळ्यांच्या पाठीत ॲम्फिऑक्सससारखा सलग दांडा असतो. मग भोवती मणके येतात, ते त्याची जागा घेतात, आणि तो बिचारा दोन मणक्यांच्या मध्ये तुकड्यातुकड्याने उरतो. यांचा तोच बाहेर आलाय. पन्नास कोटी वर्षं जुनी वस्तू हो!"

रुग्णाने विचारलं, "आत कधी जाईल?"

सरांना हा प्रश्न फार कोता वाटला. पण त्यांनी उत्तर दिलं. कडक मणके आले, त्यांच्यामुळे हत्ती उभा राहिला, माणूस चालायला लागला. त्या सोयीची किंमत आहे ही. ॲम्फिऑक्ससला चकतीच नसते, त्यामुळे ती सरकत नाही. शिवाय तो वाकला तरी दांडा आखडत नाही, पुन्हा सरळ होतो, त्याच जोरावर पोहतो आणि वाळूत क्षणात घुसतो. गृहस्थ छताकडे बघत ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ॲम्फिऑक्ससबद्दल निखळ मत्सर दिसत होता.

काकूंना थायरॉईडची गोळी सुरू झाली त्या दिवशी सरांनी घरात पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले. ॲम्फिऑक्ससची एंडोस्टाइल चिकट स्राव सोडून अन्नकण पकडते, पण ती समुद्राच्या पाण्यातलं आयोडीनही धरून ठेवते. आणि लॅम्प्रे नावाच्या बिनजबड्याच्या माशाच्या पिल्लात हीच एंडोस्टाइल असते, ते मोठं होताना तिची थायरॉईड बनते, अगदी डोळ्यांदेखत. इतका स्वच्छ पुरावा सरांना कशाचाच मिळालेला नाही. तेव्हापासून ते काकूंच्या मैत्रिणींना सांगतात, "हिची एंडोस्टाइल जरा मंद चालते." काकू म्हणतात, "चालू दे. गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि तिच्यानंतर चहा अर्ध्या तासाने. तेवढा वेळ तुमचं व्याख्यान चालेल." संसार असा जुळलेला असतो.

आंबोलीचा घाट चढताना एसटीत कुणाच्या कानाला दडे बसले तर तेही सुटत नाहीत. घसा आणि कान यांना जोडणारी नळी गर्भातल्या घशाच्या पहिल्या खिशापासून बनते. माशात त्या खिशांच्या जागी कल्ल्यांच्या फटी पडतात. "पण माणसाला गर्भात कल्ले असतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. खिसे असतात, कल्ले नव्हेत!" अशी दुरुस्तीही ते लगेच करतात. शेजारचा प्रवासी बेळगावपर्यंत आपला गळा चाचपत बसतो.

सुनेला दिवस गेले तेव्हा घरात सगळ्यांनी सगळं विचारलं. बाळाचं वजन, ठोके, जेवण, डोहाळे. सोनोग्राफी करणारी डॉक्टर सरांचीच विद्यार्थिनी. सरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "शेपूट?"

ती म्हणाली, "सर, पाचवा महिना आहे."

चौथ्या-पाचव्या आठवड्यातल्या गर्भाला स्पष्ट शेपूट असते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ती विरते. मागे माकडहाड तेवढं उरतं. हे सरांनी कितीतरी वर्षं शिकवलेलं. तरी "म्हणजे गेली," असं म्हणताना त्यांचा चेहरा उतरला. नातवाचा शेपूट असलेला काळ आपल्याला बघायला मिळाला नाही, ही खंत त्यांनी बारशातही बोलून दाखवली. सुनेच्या माहेरची माणसं तेव्हापासून जरा सांभाळून बोलतात.

माणसं ओळखण्याची सरांची एक पद्धत आहे, आणि तिच्याइतकी प्रेमळ पद्धत मी दुसरी पाहिली नाही. समुद्रात खडकाला चिकटून बसणारे ॲसिडियन असतात. आमच्या अभ्यासक्रमात त्यांतली हर्डमानिया होती. ओबडधोबड पिशवी, वर दोन भोकं, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. हिच्यात नोटोकॉर्ड शोधून सापडत नाही, म्हणून पूर्वी हिला शिंपल्यांच्या भाऊबंदांत बसवत. १८६६ मध्ये अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ॲसिडियनची अळी नीट पाहिली, तर तिला शेपूट, शेपटीत नोटोकॉर्ड, त्यावर चेतारज्जू! अळी थोडा काळ पोहते, मग डोक्याकडून खडकाला चिकटते आणि सगळं वैभव मोडून पिशवी होते. पुढच्याच वर्षी त्याने ॲम्फिऑक्ससच्या वाढीवर लिहिलं आणि बिनकण्याच्या नि कण्याच्या प्राण्यांमधली भिंत तिथे पडली.

सरांनी यातून जो नियम काढला तो पुस्तकात नाही. गावात एक बिल्डर आहेत. पोट सुटलेलं, बोटांत अंगठ्या, बोलणं ऐकवत नाही. त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललं की सर म्हणतात, "त्याची अळी मी पाहिली आहे. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून बेडकांचे आवाज ऐकायला यायचा. वर्गीकरण अळीवरून करावं." बिल्डरही सरांना बघून गाडीची काच खाली करतो. सरांनी आजवर एकाही जुन्या विद्यार्थ्याचं वर्गीकरण त्याच्या आजच्या पिशवीवरून केलेलं नाही. नगरसेवक मात्र त्यांच्या खास यादीत आहेत. ॲम्फिऑक्ससचा नोटोकॉर्ड चेतारज्जूच्याही पुढे, थेट नाकाडापर्यंत जातो, त्यावरूनच त्याचा उपसंघ ठरला. "मेंदू मागे आणि दांडा पुढे," सर म्हणतात, "नगरपालिकेत सर्वसाधारण सभेला बसून बघा."

शैक्षणिक सहल तारकर्लीला जायची. पोरं समुद्रात जायला आसुसलेली आणि सर सुकतीला पँट दुमडून, चाळण घेऊन ओल्या वाळूत वाकलेले. ॲम्फिऑक्ससच्या जाती भारताच्या किनाऱ्यांवरही मिळतात, त्यामुळे सरांची आशा अगदीच वेडी नव्हती. चाळणीत खेकडे यायचे, किडे यायचे, शिंपल्यांचा चुरा यायचा. पुण्याकडचे एक पर्यटक बराच वेळ बघत होते. शेवटी आले आणि म्हणाले, "काका, काही हरवलंय का?"

"भावकी शोधतोय," सर मान वर न करता म्हणाले.

"वाळूत?"

"हो. तोंड वर काढून बसते."

पर्यटकांनी बायकोमुलांना हाक मारून हॉटेलवर नेलं. त्यांनी 'पूर्वज' असा शब्द वापरला असता तर मात्र सरांनी त्यांना थांबवून घेतलं असतं. आज जिवंत असलेला प्राणी आपला पूर्वज कसा असेल? तोही आपल्याइतकीच वर्षं जगत आलेला. पूर्वजांच्या वळणावर गेलेला भाऊबंद म्हणा, असा सरांचा दंडक आहे. आणि चीनमध्ये शियामेनजवळ या भाऊबंदाची पूर्वी चक्क मासेमारी चालायची, १९२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यावर लेखही आला. ॲम्फिऑक्ससचं आर्थिक महत्त्व विचारलं की पोरं नेमकं तेवढंच पाठ करून यायची. "चीनमध्ये खातात, सर." सर गुण पूर्ण द्यायचे, पण त्या दिवशी डबा उघडायचे नाहीत.

अशा माणसाला भावकीतच धक्का बसावा, हे वाईट झालं. विभागात तासिका तत्त्वावर एक तरुण मॅडम आल्या. हुशार, सेट झालेल्या. त्यांनी एकदा सहज सांगितलं की २००६ मधल्या जनुकीय अभ्यासानुसार कण्याच्या प्राण्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक ॲम्फिऑक्सस नाहीत. ते ॲसिडियन आणि त्यांची मंडळी. म्हणजे खडकावरची पिशवी सख्खी आणि वाळूतला तो देखणा जीव चुलत. सर "असं का," म्हणाले आणि छत्री विसरून घरी गेले. दोन दिवस विभागात फिरकले नाहीत. काकूंनी फोन करून मॅडमना विचारलं, "तिकडे कुणी गेलं का?"

तिसऱ्या दिवशी आले ते पुराव्यांसकट. २००८ मध्ये 'नेचर'मध्ये फ्लोरिडाच्या ॲम्फिऑक्ससचा जीनोम प्रसिद्ध झाला होता, त्याची प्रिंट हातात. शरीराचा पुढचा-मागचा क्रम लावणाऱ्या हॉक्स जनुकांचा ॲम्फिऑक्ससमध्ये एकच गट, माणसात त्याचे चार. कारण आपल्याकडच्या वंशात सगळा जीनोमच दोनदा दुप्पट झाला. सुसुमु ओह्नो यांनी १९७० मध्येच असं काहीतरी घडलं असणार असं मांडलं होतं. पिशवीवाल्यांनी मात्र आपल्या घरातलं बरंच सामान मोडून-विकून टाकलेलं. सर म्हणाले, "मॅडम, सख्ख्याने सातबारा फुंकून टाकला. जुनी कागदपत्रं बघायची तर चुलत्याकडेच जावं लागतं." आमच्या तालुक्यात हा युक्तिवाद कोर्टातसुद्धा टिकला असता. मॅडम हसल्या आणि नव्या नोट्समध्ये त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या.

विच्छेदनं आता बंद झाली. बेडूक गेले, शार्क गेले, ट्रे उलटे करून ठेवलेत. ॲम्फिऑक्ससची बाटली मात्र आहे. आतला प्राणी पिवळा पडलेला, टोकाला थोडा झिजलेला, स्पॉटिंगला ठेवला तर निम्मी पोरं लीच लिहितात. सर त्यांचे गुण कापत नाहीत. पीटर पालास हा मोठा निसर्गवैज्ञानिक, त्याच्याकडे कॉर्नवॉलहून असाच टिकवलेला एक नमुना आला आणि १७७४ मध्ये त्याने याला कवच नसलेल्या गोगलगाईंत घातलं. साठ वर्षं हा गोगलगाय म्हणून राहिला. १८३४ मध्ये नेपल्सच्या कोस्टाने तो कण्याच्या प्राण्यांच्या गोतातला आहे हे ओळखलं. तरी तोंडाभोवतीच्या मिशांना तो कल्लेच समजला. "पालास चुकला तिथे एफवायच्या पोराचे गुण काय कापायचे?" असं सरांचं म्हणणं.

गॅदरिंगला सर दरवर्षी गायचे. अमेरिकेतल्या वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत ॲम्फिऑक्ससवरचं एक गंमतगाणं 'टिपररी'च्या चालीवर म्हणतात. सर ते मालवणी हेल काढून, हार्मोनियमवर, काळी चारमध्ये म्हणायचे. शब्द कुणालाच कळायचे नाहीत. टाळ्या मात्र नाट्यगीतापेक्षा जास्त पडायच्या, आणि प्राचार्यही ठेका धरायचे.

तुमच्या गावातल्या कॉलेजातही असे एक सर असतील. त्यांच्याकडे जरूर जा, पण पाठ धरली असेल तर आधी डॉक्टरकडे जा, औषध सुरू करा आणि मगच सरांची पायरी चढा. जाताना एमआरआयची फिल्म विसरू नका, आणि घरी सांगून जा की जेवायला उशीर होईल.